न्यायाची सुरुवात घरापासून

यहूदाचा राजा यहोयाकीम यरुशलेमात हिवाळ्यासाठी बांधलेल्या महालात बसला होता. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमाराचे थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. यिर्मया संदेष्ट्याने तोंडी सांगितलेली आणि बारूख नावाच्या लेखनिकाने शाईने उतरवून घेतलेली एक गुंडाळी दरबारातला माणूस राजाला वाचून दाखवत होता. या नगरीने आपली चाल सुधारली नाही तर बाबेलचा राजा येऊन तिचा विध्वंस करील, असा तिचा आशय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाचा चाकू उचलायचा, तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. तिघा दरबाऱ्यांनी विनवलं, महाराज, हे जाळू नका. त्याने ऐकलं नाही. बघता बघता अख्खी गुंडाळी राख झाली. यिर्मयाच्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. काळ साधारण इ.स.पू. ६०४. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, इ.स.पू. ५८६ मध्ये, बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं.

या यहोयाकीमचा बाप योशिया. त्याच्या कारकिर्दीत मंदिराची डागडुजी चालली असताना नियमशास्त्राचा जुना ग्रंथ हाती लागला. तो त्याच्यापुढे वाचला गेला तेव्हा त्याने आपली वस्त्रं फाडली. आपल्या पूर्वजांनी आणि आपणही हे पाळलेलं नाही, हे त्याला तत्काळ उमगलं आणि त्याने राज्यात सुधारणा सुरू केल्या. एकच राजघराणं, एकाच देवाचा इशारा. बापाने वस्त्रं फाडली, मुलाने ग्रंथ फाडला.

यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात याच मुलाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. यहोयाकीमने गंधसरूच्या लाकडाने मढवलेला, तांबड्या रंगाने रंगवलेला ऐसपैस वाडा बांधला आणि बांधणाऱ्या मजुरांना मजुरी दिली नाही. यिर्मया त्याला विचारतो की, गंधसरूच्या चढाओढीने कुणी राजा होतो का? तुझा बापही खात-पीत होता, पण तो दीनदुबळ्यांचा न्याय करत असे, आणि देवाला ओळखणं म्हणजे हेच. मजुरी बुडवणारा आणि गुंडाळी जाळणारा माणूस एकच होता. त्याला तो मजकूर का सहन झाला नाही, हे कळायला आणखी काही लागत नाही.

पवित्र शास्त्रातल्या न्यायाच्या इशाऱ्यांना ख्रिस्ती माणसाने कसा प्रतिसाद द्यावा, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. इशारा ऐकणाऱ्यासाठी असतो आणि त्याची किंमत ऐकणाऱ्यानेच मोजायची असते. ज्या प्रतिसादाची किंमत दुसऱ्याच्या माथी मारली जाते, तो कितीही धार्मिक भाषेत दिला तरी यहोयाकीमच्या जातकुळीचाच.

आधी या इशाऱ्याचं स्वरूप पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे. त्यांनी सांगितलं ते घडलं तर खरे, नाही घडलं तर खोटे. शास्त्रातला व्यवहार निराळा आहे. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो, चाकावर बिघडलेलं भांडं कुंभार त्याच मातीतून पुन्हा घडवतो हे पाहतो, आणि त्याला सांगितलं जातं की, एखाद्या राष्ट्राच्या नाशाची वाणी झाल्यावर ते राष्ट्र दुष्टपणापासून वळलं, तर देवही योजलेलं अरिष्ट मागे घेतो. म्हणजे इशाऱ्यात एक ‘जर’ कायम असतो, उच्चारलेला किंवा न उच्चारलेला.

योना संदेष्ट्याच्या गोष्टीत तो उच्चारलेला नाही. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, एवढंच योना सांगतो. तरी तिथला परधर्मी राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट पांघरतो, राखेत बसतो आणि माणसांसह गुराढोरांनाही उपास घडवतो. त्याच्या फर्मानात उपासाइतकीच आणखी एक गोष्ट आहे : प्रत्येकाने आपल्या हातून होणारा जुलूम सोडावा. निनवे ही अश्शूरी राजसत्तेची नगरी होती, आणि जुलूम हा त्या सत्तेचा पायाच होता. म्हणजे राजाने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. निनवे वाचली. योनाचं भाकीत चुकलं, इशारा मात्र सफळ झाला.

यिर्मयावर प्रत्यक्ष खटला चालला तेव्हाही हाच मुद्दा कामी आला. मंदिराच्या अंगणात उभं राहून मंदिराच्या नाशाची वाणी उच्चारली म्हणून याजक आणि संदेष्टे त्याला देहान्त शिक्षा मागत होते. तेव्हा काही वडीलधारी माणसं उठली आणि त्यांनी जुना दाखला दिला. हिज्कीया राजाच्या काळात मीखाने असंच सांगितलं होतं. राजाने त्याला मारलं का? उलट तो देवाला शरण गेला आणि अरिष्ट टळलं. या दाखल्याने यिर्मयाचा जीव वाचवायला मदत केली. इशारा देणाऱ्याला जिवंत ठेवणं, त्याचं ऐकून घेणं, ही प्रतिसादाची पहिली पायरी. आपल्या मंडळ्यांमध्ये हिशेब विचारणाऱ्याला, पाळकाच्या चुकीवर बोट ठेवणाऱ्याला, अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला काय वागणूक मिळते, यावरून आपण कोणत्या राजाच्या दरबारात बसलो आहोत ते कळतं.

दुसरा प्रश्न, इशारा कुणाला? आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. इ.स.पू. आठव्या शतकात तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. त्याने भाषण सुरू केलं ते शेजाऱ्यांपासून. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी एकेका राष्ट्राची पापं त्याने मोजली. ऐकणाऱ्यांच्या माना डोलत असणार. मग यहूदा आलं, भाऊबंदांचं राज्य. तरीही ऐकणाऱ्यांना बरंच वाटलं असेल. आणि शेवटी तो थेट श्रोत्यांवर आला. इतरांच्या पापाची मोजणी एकेका परिच्छेदात आटोपली होती. इस्राएलच्या पापावर मात्र पुढचा सगळा ग्रंथ खर्ची पडला. गरिबाला पायतणाच्या जोडासाठी विकलं, हस्तिदंती पलंगांवर लोळत राहिले, वजनमापात खोट केली, वेशीवरच्या न्यायसभेत लाच खाल्ली. बेथेलच्या देवळाचा याजक अमस्या याने त्याला बजावलं की, हे राजाचं देवालय आहे, इथे बोलू नकोस, आपल्या देशी जा. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्राने हाच क्रम नियम म्हणून सांगितला : न्यायनिवाड्याचा आरंभ देवाच्या घरापासून होतो.

आणि तरीही कुठे आपत्ती कोसळली की ख्रिस्ती व्यासपीठावरून पहिली बोटं दुसऱ्यांकडे वळतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूपुढे नेमका हा विषय येतो. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांची यज्ञ करतानाच कत्तल केली, अशी बातमी लोक घेऊन येतात. येशू स्वतःहून दुसरी घटना जोडतो : शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का? तो स्पष्ट नाही म्हणतो. पण तिथे थांबत नाही. तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, असं विचारणाऱ्यांनाच सुनावतो. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब मांडायला त्याने मनाई केली आणि जिवंत असलेल्यांना मात्र मोकळं सोडलं नाही.

हा प्रसंग आपल्या देशात एका मोठ्या वादात नव्याने घडला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असं ते जाहीरपणे म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांना अस्पृश्यतेची चीड गांधीजींइतकीच होती, तरी त्यांनी याला जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घडामोडींना नीतीचा असा अर्थ चिकटवला तर उद्या सनातनी मंडळी हाच भूकंप तुमच्या चळवळीच्या माथी मारतील, हा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी टागोरांचं टिपण ‘हरिजन’मध्ये छापलं आणि त्याला उत्तरही दिलं. ख्रिस्ती वाचक म्हणून मला दोघांचंही काही पटतं. भूकंप पाप्यांना निवडून गाडत नाही. बिहारच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यता पाळणारे सापडले तसे ती सोसणारेही सापडले. त्या बाबतीत येशूचा नकार टागोरांच्या बाजूने जातो. पण मेलेल्यांना पाहून जिवंत माणसाने आपल्या समाजाचं पाप आठवावं, हा गांधीजींचा आग्रहही शिलोहाच्या बुरुजापाशी बसतो. मरणारा पापी होता म्हणून मेला, एवढं मात्र म्हणायचं नाही.

महाराष्ट्राने असाच भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिला. गणपती विसर्जनाची रात्र उलटली होती, गावं झोपेत होती. किल्लारी आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. ती कशाने गेली, हे अभियंत्यांनी सांगितलं आहे. दगडमातीच्या जाड भिंती, दगडांना एकमेकांशी पकड नाही, आणि वर उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून मातीचे थर चढवत नेलेली जड माळवदं. जमीन हादरली तशा भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. असा प्रसंग घडल्यावर या लोकांनी काय पाप केलं होतं, असा प्रश्न ज्याला सुचतो त्याला येशूचं उत्तर ठाऊक असायला हवं. त्या पहाटेने जिवंत माणसांना वेगळे प्रश्न टाकले. भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं हे ज्ञान असूनही ते खेड्यापर्यंत का पोचलं नव्हतं? शिकलेल्यांनी, सत्ता हाती असलेल्यांनी, आणि देवाला ओळखतो म्हणणाऱ्यांनी त्यासाठी काय केलं? हे प्रश्न आपल्याला खर्चात पाडतात, म्हणूनच ते खरे.

जे गावाचं, तेच आजाऱ्याच्या खाटेचं. कर्करोग झालेल्या माणसाला भेटायला गेलेली प्रार्थनेची मंडळी त्याला विचारतात की, तुझ्या आयुष्यात कबूल न केलेलं एखादं पाप आहे का? ईयोबाचे मित्र हेच विचारत होते. ते देवाची बाजू लढवत होते, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग भडकला तो त्यांच्यावरच. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय फेटाळले आणि त्या माणसाला डोळे दिले. आजाऱ्याकडे जाताना आपल्याला एवढाच धडा पुरे आहे.

न्यायाच्या इशाऱ्यापासून सुटका करून घेण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तारखांचं गणित. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या ग्रंथातल्या आकड्यांवरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा हिशेब केला, आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारोंनी विश्वास ठेवला. कित्येक शेतकऱ्यांनी पिकं शेतातच सोडून दिली. तो दिवस आला तसा गेला. आज असे हिशेब मोबाइलवर येतात : कुठे युद्ध पेटलं, कुठे महामारी आली, की शेवटच्या काळाच्या खुणांची यादी फिरू लागते. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांनाही नाही, असं येशूने सांगून ठेवलं आहे. थेस्सलनीकातली काही माणसं कामधंदा सोडून बसली होती तेव्हा पौलाने त्यांना शांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितलं. तारखेच्या नादी लागलेला माणूस जागा असल्यासारखा दिसतो, पण आपल्या वागण्याकडे त्याचं लक्ष नसतं.

सगळ्यांत घातक प्रतिसाद म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसणं. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, स्थापन झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. आत्म्यांना देवाच्या न्यायापासून वाचवायचं, हे त्याचं घोषित कारण. प्रत्यक्षात बाटलेल्या घरांत कोण कसा जेवतो, काय नेसतो, यावर पाळत राहिली. १७३६ च्या फर्मानात अंगणात तुळस लावणं आणि हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवणं यांवरही बंदी आली. कित्येक घराणी जीव घेऊन कानडी मुलखात गेली. गोवा आणि कोकणातल्या ख्रिस्ती माणसाने हा इतिहास दडवू नये. देवाचा निवाडा माणसांनी हाती घेतला की काय होतं, याची नोंद आपल्याच किनाऱ्यावर आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या हिंसक मार्गांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून, या नियमाचं हे उशिराचं, पण खरं पालन होतं.

मात्र क्षमा मागतानाही माणूस कसा निसटतो, हे जर्मनीने दाखवलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये, युद्ध संपून काही महिने झाले असताना, जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी श्टुटगार्ट इथे अपराधाची कबुली दिली. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक प्रेम केलं नाही, असा तिचा सूर. देशभरातून तिच्यावर टीका झाली. आमच्या शहरांवर बाँब टाकणाऱ्यांचं काय, असं लोक विचारू लागले. त्या वातावरणात एवढं म्हणायलाही छाती लागली. पण त्या कबुलीत ज्यूंचा उल्लेख नाही. ज्यांचा सर्वनाश झाला त्यांचं नाव न घेता केलेला पश्चात्ताप अपुराच राहतो. पाप मोघम असलं की त्याची भरपाई कुणाला करायची, हेही मोघम राहतं.

संदेष्टे कधी मोघम बोलले नाहीत. सदोमाचं पाप म्हटलं की आपल्या मनात एकच गोष्ट येते. यहेज्केल सोळाव्या अध्यायात त्या पापाची यादी देतो : गर्व, अन्नाची चंगळ, निवांत सुखवस्तूपणा, आणि दीनदरिद्र्यांना हात न देणं. याकोबाचं पत्र सांगतं की, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या शेवटच्या निवाड्यात डावीकडच्यांवर आरोप आहे तो न दिलेल्या अन्नाचा, न पाजलेल्या पाण्याचा, न घेतलेल्या भेटीचा.

हे आपल्या मुलखात वाचायचं तर दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून निघणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांकडे पाहायला हवं. मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला जातात. दोघं मिळून एक ‘कोयता’ मोजले जातात. या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. पाळीच्या दिवसांचा खाडा पडू नये म्हणून शरीराचा अवयव द्यावा लागतो, हे आमोसने पाहिलं असतं तर पायतणाच्या जोडाशेजारी त्याने याचीही नोंद केली असती. आपण रोज चहात घालतो ती साखर याच वाटेने येते, आणि आपण ख्रिस्ती आहोत म्हणून ती वेगळी होत नाही. मंडळीच्या आतलं सांगायचं तर पवित्र सहभागितेला सगळे एका मेजाशी येतात आणि सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याआधीच्या जातीची चौकशी होते. ही आपली न भरलेली मजुरी आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. प्रेम करणारा देव न्याय कशाला करील? आजचा सुसंस्कृत माणूस शिक्षेची भाषा सोडून देतो आहे, मग धर्माने ती का धरून ठेवावी? नरकाची चित्रं दाखवून लहान मुलांच्या झोपा उडवणारे उपदेशक पुष्कळ झाले. त्यांच्यामुळे हा आक्षेप अधिकच खरा वाटतो. माझं उत्तर असं की, न्याय नको असं म्हणणं सुखात बसलेल्यालाच परवडतं. ज्याची जमीन हडपली गेली, जिच्यावरच्या अत्याचाराचा पंचनामाच झाला नाही, ज्याच्या मजुरीचा कागदच नाही, त्याला कुठलंच न्यायालय दाद देत नसेल तर वर एक न्यायालय आहे, हा त्याचा शेवटचा आधार असतो. स्तोत्रसंहितेत देव पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून झाडं आणि समुद्र आनंदाने गातात. न्यायाची बातमी तिथे आनंदाची आहे, कारण ती अडल्या-नडलेल्यांच्या बाजूने ऐकलेली आहे. देवाने न्याय सोडून द्यावा, अशी मागणी करण्याआधी ती आपण कुणाच्या वतीने करत आहोत, हे पाहायला हवं.

आणि ज्याला हा न्याय खरा वाटतो, तो दुसऱ्याच्या नाशाने खूश होऊच शकत नाही. सदोमाच्या येऊ घातलेल्या नाशाची बातमी कळताच अब्राहाम देवापुढे उभा राहतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? दहा? असा तो आकडा खाली आणत जातो. सदोम त्याचं गाव नाही, तिथली माणसं त्याच्या धर्माची नाहीत. तरी तो त्यांच्यासाठी घासाघीस करतो. शोमरोनी गावाने आसरा नाकारला तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागायला निघाले. येशूने त्यांनाच धमकावलं. यरुशलेमच्या नाशाचं भाकीत करताना तो रडला. योना मात्र निनवे वाचली म्हणून रुसून बसला. एका वेलीच्या सावलीसाठी तो हळहळला, आणि देवाने त्याला विचारलं की, ज्या नगरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, त्या नगराची मी कीव करू नये का? ग्रंथ या प्रश्नावर संपतो. योनाने उत्तर दिलेलं नाही. ते प्रत्येक पिढीने द्यायचं आहे.

महाराष्ट्रात हे उत्तर एका बाईने दिलं. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती. उपासमार त्यांनी स्वतःच्या पोटात पाहिली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या, पाप आणि देवाचा न्याय या गोष्टी त्यांच्यासाठी रोजच्या भाकरीइतक्या खऱ्या होत्या. तो दुष्काळ कुणाच्या पापाचं फळ आहे, यावर व्याख्यान देत बसायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्या दुष्काळी मुलखात गेल्या. सरकारी मदत छावण्यांत आणि रस्त्यांवर मुलींचे काय हाल चालले आहेत ते डोळ्यांनी पाहिलं आणि सुमारे तीनशे बायका-मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय लागली. प्लेगच्या छावणीत बायकांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं आहे म्हणून गप्प बसल्या नाहीत.

१९०० सालापर्यंत केडगावच्या मुक्तिसदनात दीड हजारांवर माणसं राहत होती. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छापखाना चालवला, आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन उघडलं, आणि समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी ‘कृपासदन’. १९०५ साली याच मुक्तीत मुली रात्र रात्र रडून स्वतःच्या पापांची कबुली देत होत्या. ते जागरण जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदलं गेलं. पुष्कळ लेखक रमाबाईंचे दोन तुकडे करतात : समाजसुधारक तेवढी घ्यायची आणि गुडघे टेकणारी सोडायची, काही ख्रिस्ती मंडळी नेमकं उलट करतात. मला त्या एकसंध दिसतात. पाप आणि न्याय मनापासून मानणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या लेकीचं उपाशी पोट पाहून स्वस्थ बसवलं नाही. तिथे पश्चात्ताप आणि धान्याची कोठी एकाच आवारात होती.

या दिवाळी अंकाचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत, याची मला जाणीव आहे. त्यांना माझी विनंती अशी की, कुणी ख्रिस्ती उपदेशक तुम्हाला देवाच्या कोपाची भीती घालू लागला, तर त्याला विचारा, तुमच्या मंडळीने या इशाऱ्याचं काय केलं? हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो आमच्याच शास्त्राने दिला आहे.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना सांगणं थोडक्यात. दिवाळी सरली की काही आठवड्यांत नाताळच्या तयारीचा आगमनकाळ लागेल. त्या दिवसांत चर्चमध्ये जागे राहा, तयार राहा, असे निवाड्याचे उतारे वाचले जातील. ते ऐकताना शेजारच्या बाकाकडे, दुसऱ्या पंथाकडे किंवा दुसऱ्या धर्माकडे पाहू नका. आपल्याकडे कुणाची मजुरी अडली आहे, कुणाच्या तक्रारीवर आपण झाकण ठेवलं आहे, कुणाला आपण घराच्या आत घेत नाही, ते नाव घेऊन आठवा. जे देणं निघेल ते नाताळच्या आधी फेडा. आपल्या गावासाठी, तिथल्या सगळ्यांसाठी, अब्राहामासारखी घासाघीस करत प्रार्थना करा. आणि जिथे भूक आहे तिथे रमाबाईंसारखे स्वतः जा.